जरा जास्तच लाल वायर

"वायरमन कशाला? दोन वायरी जोडायला काय डोकं लागतं?" मी म्हणालो. बायकोने लगेच आपला फोन चार्जिंगला लावला. माझ्या कामात वीज किती वेळ जाते, हे तिला अनुभवाने माहीत आहे.

आई थोरल्या भावाकडून आमच्याकडे राहायला आली होती, पण बॅग काही उघडत नव्हती. "बघू. जमलं तर राहीन, नाहीतर जाईन परत," एवढंच म्हणायची. तिने राहावं असं मला मनापासून वाटत होतं. तिला रहस्यकथा वाचायचं वेड, म्हणून तिच्या खोलीसाठी मी खाली दिवा असलेला पंखा आणला. भिंतीवर बटणं दोन. एक पंख्याला, एक दिव्याला. झालं!

मेन स्विच बंद करून शिडीवर चढलो. छतातल्या भोकातून वायरींचा गुंता बाहेर आला आणि त्यात लाल वायरी दोन! सोबतच्या आकृतीत एकच होती. मी दोन्हींकडे नीट निरखून पाहिलं. एक जरा जास्त लाल वाटली. तीच दिव्याला जोडली.

मेन चालू केला. पंखा झकास फिरला. दिव्याचं बटण दाबलं, ढिम्म. पुन्हा दाबलं, आणि खोलीत लख्ख उजेड!

"बघितलंस?" मी ओरडलो.

"काय बघू? मी स्वयंपाकघरातला दिवा लावतेय!" बायको आतून म्हणाली.

तिने तिकडचा दिवा घालवला, इकडचाही गेला.

"उद्या दुरुस्त करतो," मी म्हणालो. तो उद्या काही लवकर उजाडला नाही.

रोज जेवणं झाली, ओटा आवरला, बायकोने दिवा घालवला की आईची हाक यायची, "अगं थांब! खून कुणी केला तेवढं कळू दे!"

मग बायको आधी खोलीत जाऊन विचारू लागली, "आई, किती पानं राहिली?" एकदा ती तिथे टेकलीच. "नवऱ्यावर संशय घ्या, आई. बहुतेक तोच असतो," असं माझ्याकडे बघत म्हणाली. मग आमची मुलगी उशी घेऊन आली. आई मोठ्याने वाचू लागली. मीही दारात उभा राहून ऐकायचो.

पण आईंना किती दिवस त्रास द्यायचा, म्हणून बायकोने शेवटी वायरमनला बोलावलंच. त्याने वर पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"आधीच्या भाडेकरूने," मी म्हणालो. बायकोला ठसका लागला.

वायरमनने सगळं ठीक करून दिलं. आई आपला दिवा आपण लावू लागली, आपण घालवू लागली. आम्ही आपापल्या फोनमध्ये डोकं घातलं.

पुढच्या आठवड्यात तिची बॅग दाराशी दिसली.

"आई, काय झालं?"

"काही नाही रे. छान चाललंय तुमचं. माझ्या खोलीकडे फिरकायचं कुणाला काही कारणच उरलं नाही, इतकंच."

मी तडक शिडी आणली. बायकोने धावत जाऊन फोन चार्जिंगला लावला.

मला फक्त आधीची चूक पुन्हा करायची होती. तेवढंही जमलं नाही! आता आईचा दिवा तिच्याच बटणावर लागतो. पण स्वयंपाकघरातलाही त्याच बटणावर लागतो.

"आई, चहा टाकायचाय. दिवा लावता का?"

"लावते की. पण आधी जरा बस इथे. काल गोष्ट कुठे आली होती?"

आईची बॅग माळ्यावर गेली. मीच चढवली, शिडी लावलेलीच होती. ती शिडी बायकोने त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांना देऊन टाकली. कायमची!