परुळेकरच्या रीलमध्ये कुठेतरी घासतंय

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दर शनिवारी सकाळी वरून एक मासा उतरायचा. हिरव्या पाठीचा, लाल डोळ्यांचा, प्लास्टिकचा. मी कणीक मळत असायची आणि हा सावकाश येऊन बाल्कनीतल्या माझ्या कोथिंबिरीच्या कुंडीवर टेकायचा. मग वरच्या मजल्यावरून हाक यायची, "वहिनी, टेकला का?" मी "टेकला" म्हटलं की सर्रकन वर जायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा खाली. दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. तोवर हेगजवळच्या रायस्वाइकच्या वाऱ्याची, सायकलची, गेमेंटेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, येणाऱ्या डच पत्रांची, सगळ्याची मला सवय झाली होती. या माशाची मात्र शेवटपर्यंत झाली नाही. मी पुण्याची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

वर राहायचा तो मंगेश परुळेकर. मूळचा वेंगुर्ल्याचा, चाळिशीला टेकलेला, लग्न न केलेला. हेगमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खायचा. त्याला वेड होतं बेटकास्टिंग रीलचं. म्हणजे गळ टाकायच्या काठीवर बसवायचं एक आडवं चक्र. तो प्लास्टिकचा मासा फेकला की चक्र गरागरा फिरतं, दोरा सुटतो, आणि तुम्ही अंगठ्याने ते वेळेवर थांबवायचं. नाही थांबवलं तर मासा पाण्यात पडतो तरी चक्र फिरतच राहतं आणि आत असा गुंता होतो की मांजराने ओढलेली लोकर परवडली. तर ते चक्र किती घट्ट असावं, हे ठरवायला मासा उंचावरून सोडून बघतात. मासा टेकला की चक्र थांबायला हवं. उंची पाहिजे म्हणून माझी बाल्कनी. अख्ख्या हॉलंडमध्ये दुसरी बाल्कनी नव्हती.

हे ज्ञान मला कुणी दिलं? त्यानेच दिलं, जिन्यात अडवून, हातात दुधाच्या पिशव्या असताना.

परुळेकरचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कुठेतरी घासतंय, वहिनी." रील कानाशी धरायचा, बोटाने चक्र फिरवायचा, डोळे मिटायचा आणि निदान करायचा. मग बेअरिंग काढून धुवायची, कंपनीचं तेल जाडं म्हणून पुसून टाकायचं, दुसऱ्या तेलाचा एकच थेंब सोडायचा, दोन थेंब पडले की पुन्हा धुवायची. हळूहळू त्याला सगळ्या जगातच घासल्याचं ऐकू यायला लागलं. आमच्या मिक्सरमध्ये घासत होतं. ट्रॅममध्ये घासत होतं. एकदा आमचे हे खुर्चीतून उठले तर परुळेकरने त्यांच्या गुडघ्याकडे कान केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

स्वभाव टेस्टिंगवाल्याचा, त्यामुळे रीललाही आवृत्त्या होत्या. बेअरिंग बदललं की एक आकडा वाढायचा, हँडल बदललं की दुसरा. प्रत्येक आवृत्ती पहिल्यापासून तपासायची आणि काहीतरी सापडलं की कालव्यावर जायचं रद्द. "अजून गो-लाइव्ह करण्याजोगं नाही," हे तो रविवारी दुपारी माझ्याकडची साबुदाण्याची खिचडी खात सांगायचा. शिवाय हे सगळं तो शिकला होता अमेरिकन लोकांच्या इंटरनेटवरच्या गप्पांतून. ते लोक पकडतात बास नावाचा मासा. तो मासा इथल्या कालव्यांत राहतच नाही. इथे असतो तो बार्स, पट्ट्यापट्ट्यांचा, बहुतेक वेळा तळहाताएवढा, आणि दुसरा स्नूक, लांब तोंडाचा, करवतीसारख्या दातांचा. म्हणजे रिक्वायरमेंट अमेरिकेची, डिप्लॉयमेंट हॉलंडमध्ये. आणि हा माणूस बँकेत दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेत होता.

आपली माणसं परदेशी फिरतीवर निघाली की शेजारी काय मागतात? मी लायडनच्या एका लॅबमध्ये काम करायची आणि एका परिषदेला ओसाकाला जाणार होते. हे कळताच परुळेकर आमच्या दारात पेढे घेऊन हजर. मी तिथेच ओळखायला हवं होतं. त्याला हवी होती एक काठी. सात फुटांची, अखंड. दोन तुकड्यांत मिळत नाही का, असं मी विचारलं तर त्याच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की जणू मी तानपुरा मधोमध कापून आणू का म्हणून विचारलंय. जोड आला की हाताला कळत नाही म्हणे मासा. आणली मी. सात फुटी नळकांडं घेऊन ओसाकाच्या ट्रेनमध्ये उभी राहिले, विमानतळावर वेगळ्या खिडकीवर रांग लावली. परत येताना स्किपोल विमानतळावर कस्टम्सवाल्याने विचारलं, कुठला मासा पकडता? मी म्हटलं, मी शाकाहारी आहे. त्याने ते नळकांडं पार शेवटापर्यंत उघडून बघितलं.

आणि एवढं करून दोन वर्षांत एक मासा नाही. एकदा म्हणे काहीतरी लागलं होतं, पण त्या स्नूकने दातांनी दोराच कापला. त्यावर पुढचा महिनाभर गळाच्या आधी बारीक तार लावायची की नाही, आणि लावली तर मासा किती लांब फेकला जाईल, याचं टेस्टिंग. माझ्या बाल्कनीत.

शेवटी एका शनिवारी माशाच्या पोटाखालचा गळ कोथिंबिरीतच अडकला आणि कुंडीच उलटली. माती कणकेत. मी तशीच पिठाच्या हातांनी वर गेले आणि दार उघडल्या उघडल्या बोलायला सुरुवात केली. मासा खायचाय ना, मग हेगच्या बाजारात ढिगाने मिळतो, आणा आणि खा, पण ही नाटकं बंद करा. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झाली होती माझी.

परुळेकर दाराला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्यासाठी नाही हो, वहिनी. आये मासे खात नाही."

आये म्हणजे त्याची आई. वेंगुर्ल्याला एकटी राहायची. हा हॉलंडला आल्यावर पहिल्याच फोनवर तिने विचारलं, तिथे मासे कसले मिळतात? याने खरं सांगितलं की बर्फातले. झालं. पोराला तिकडे बर्फातलं मढं आणि मी इकडे ताजा बांगडा खाऊ? घशाखाली उतरणार नाही म्हणाली, आणि त्या दिवसापासून सोडले. समुद्रकिनाऱ्यावर राहून, मालवणी बाई. तुझ्या हाताने पकडलेला ताजा मासा ज्या दिवशी तुझ्या पोटात जाईल त्या दिवशी मी खाईन, एवढंच तिचं म्हणणं. याने एकदा बाजारातला मासा आणून पकडला म्हणून सांगितलं. तिने विचारलं, गळ वरच्या ओठात लागला होता की खालच्या? हा अडखळला. तिने मासे खाल्ले नाहीत ते नाहीतच. आता तिकडचे डॉक्टर सांगत होते की बाई वाळत चालल्यात, अंगात रक्त नाही, यांना मासे खायला घाला. ती पेज आणि लोणच्यावर.

माझा राग गेला नव्हता, पण तो आता या मायलेकांत सारखा वाटला गेला. इतका हट्टी वंश मी दुसरा पाहिला नाही. मी विचारलं, मग दोन वर्षं नुसतं तेल काय घालत बसलात, रोज का जात नाही पाण्यावर?

"गेलो आणि नाही मिळाला तर?" परुळेकर म्हणाला. "तिला काय सांगू? रील तयार नाही, हे तरी सांगता येतं."

मार्च लागला की मे संपेपर्यंत स्नूकचा मोसम बंद असतो. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मीच त्याला गाडीत घातलं. सात फुटी काठी मागच्या काचेपासून माझ्या कानापर्यंत. शहराबाहेर पोल्डरमधल्या, म्हणजे पाणी हटवून केलेल्या सखल शेतजमिनीतल्या, कालव्यावर पोचलो तर काठाला बर्फाचा पापुद्रा, गवत पांढरं, माणूस नाही. परुळेकरने रील कानाशी धरलं. चक्र फिरवलं. डोळे मिटले. थंडीने माझी बोटं गळायला आली होती.

"वहिनी, कुठेतरी..."

"टाका," मी म्हटलं. "घासू दे. टाका म्हणते ना."

माझ्या आवाजाने दचकून त्याने जो फेकला तो मासा लांब गेला खरा, पण अंगठा विसरला. चक्र गरगरत राहिलं आणि रीलच्या तोंडाशी दोऱ्याचं घरटं झालं. दोन वर्षांची बेअरिंगं, जपानी काठी, एकच थेंब तेल, सगळं त्या गुंत्याच्या आत. परुळेकर गुडघ्यांवर बसून एकेक पदर सोडवायला लागला. तिकडे तो प्लास्टिकचा मासा पाण्यात नुसता पडून होता. मी परुळेकरला सुनवायला तोंड उघडलं तोच दोरा हलला. मग ताणला. मग काठी गवतावरून पाण्याकडे निघाली.

रील फिरेना. परुळेकरने काठी टाकून दिली, माझा मफलर ओढून हाताला गुंडाळला आणि दोराच धरला. हातावर हात टाकत ओढत राहिला, पाय रोवून, तोंडाने मालवणीत त्या माशाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. रील बाजूला पडलं होतं, त्याला कुणी विचारत नव्हतं. बर्फाचा पापुद्रा फोडून स्नूक काठाला आला, चांगला हातभर, हिरवा, ठिपक्यांचा. माझ्या आयुष्यात मी जिवंत मासा इतक्या जवळून पाहिला नव्हता. सुंदर होता, खोटं कशाला बोलू.

परुळेकरने त्याचा ओठ बघितला, डोळे बघितले, कल्ले उघडून बघितले. परीक्षेआधी पोरं उजळणी करतात तसा ओठातल्या ओठात पुटपुटत होता. मग चिमट्याने गळ सोडवला आणि मासा पाण्यात धरून ठेवला. या कालव्याच्या परवान्यात स्नूक परत सोडायचा असंच होतं, घरी न्यायला परवानगी नाही. शेपटी एकदा हलली आणि मासा गेला.

मग त्याने मोबाइलवर कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले. तिकडे दुपार होती. फोनचा आवाज मोठा ठेवलेला, मला सगळं ऐकू येत होतं.

"गावलो, आये."

तिने विचारलं, खंय लागलो? वरच्या ओठाक, डाव्या बाजूक. डोळे? पिवळे. कल्ले? लाल भडक. प्रश्न येत गेले आणि हा उत्तरं देत गेला, एकदाही अडखळला नाही. मग ती म्हणाली, "आता घराक जावन खातलंस मां?"

परुळेकर रिकाम्या पाण्याकडे बघत उभा होता. एवढा हट्टी माणूस, पण एवढ्या खऱ्यानंतर त्याला एक खोटं सुचेना. तिकडून "मंगेश? मंगेश?" चाललं होतं.

मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि कानाला घट्ट लावला. म्हटलं, "आये, मी याच्या खालच्या घरातली. आज माझ्याकडेच जेवणार आहे तो. मीच करणार आहे मासा."

"तुका येता करूक, बाय?"

"तुम्ही सांगा."

तिने सांगितलं. खवले कसे काढायचे, हळद-मीठ कधी चोळायचं, कोकम किती, तिरफळं ठेचून घालायची पण वाटायची नाहीत, आणि रस उकळल्याशिवाय तुकडी सोडायची नाही. मी त्या थंडीत एकेक गोष्ट मोठ्याने म्हणून दाखवली, कारण ती मध्येच थांबवून विचारत होती. शेवटी तिची खात्री पटली असावी. डोक्याचा वाटा त्याका दी, म्हणाली, आणि मग घाईघाईने, "ठेवतंय गो. सांजचे बांगडे येतले, उशीर केलो तर गावाचे नाय."

फोन बंद झाला. परुळेकर माझ्याकडे बघत होता.

"काय म्हणाली?"

"बाजारात निघाल्या," मी म्हटलं. "बांगडे आणायला."

तो तिथेच पांढऱ्या गवतावर खाली बसला आणि माझ्या मफलरात तोंड खुपसून रडला. मफलरला माशाचा वास लागणार होता, धुऊनही न जाणारा.