चार ते चार-पन्नास

मी व्यंकटराव, गुप्तहेर. क्रांती चौकापासून खुलताबादच्या वेशीपर्यंत गुन्हेगार माझ्या नावानं थरथरतात. गुन्हेगारांना अजून विचारलेलं नाही, पण थरथरत असणार.

बिडकीनचे आप्पासाहेब आणि त्यांच्या पत्नी आवडाबाई माझ्याकडं आले. थोरला भाऊ गेल्याला अकरा महिने झाले, तेव्हापासून आप्पासाहेबांची झोप उडाली. बोलणंही आटलं, चैतातल्या आडासारखं. म्हणून डॉक्टर भानुमतींकडं मनोविश्लेषणाची वेळ फोनवर ठरली. सोमवार-गुरुवार, चार ते चार-पन्नास. कोचावर पडायचं, मनात येईल ते बोलायचं. आतलं बाहेर जाणार नाही.

आणि सकाळी डॉक्टरांचा निरोप आला, "दोनदा वाट पाहिली, आपण आला नाहीत. आजही आला नाहीत, तर वेळ दुसऱ्याला द्यावी लागेल."

"आलतो की वो!" आप्पासाहेब कळवळले. "दोन्ही बारी बाकड्यावर बसलो. कुणीच आलं नाय."

डॉक्टर आणि पेशंट दोघंही खरं बोलतात, तरी भेट नाही! मी भिंग उचललं.

पावणेचारला आम्ही जिने चढून दवाखान्याच्या दारासमोर. मी बाकडं तपासलं. "धूळ नाही. म्हणजे इथं कुणीतरी बसलं होतं!"

"मीच," आप्पासाहेब म्हणाले.

"मग डॉक्टरीणबाईंचं घड्याळ अजून निजामाच्या वेळेवर चालतं. किंवा त्या मागच्या दारानं निसटतात."

"दुसऱ्या माळ्यावरून?" आवडाबाईंनी विचारलं.

चार वाजले. चार-पाच झाले. आप्पासाहेब हात चोळत पुटपुटले, "चला घरी. आपलं दुखणं ऐकायला कोण रिकामं बसलंय?"

"अवो, दार लोटून बघितलं का?"

"काय बोलती! नाव पुकारल्याबिगर आत शिरायचं? कंपाउंडर येऊ दे की."

"कुठंय कंपाउंडर?"

"त्येचीच तर वाट बघायलोय!"

आवडाबाईंनी दार लोटलं. कडी लावलेलीच नव्हती. आत डॉक्टर भानुमती एकट्याच, दाराकडं डोळे लावून बसलेल्या.

"आलात! अहो, माझ्याकडं कंपाउंडर नाही. कुणाचं नाव बाहेर कळू नये, म्हणून मी हाकही मारत नाही. चार वाजले की सरळ आत यायचं. सांगायचं माझ्याकडूनच राहिलं."

आप्पासाहेबांनी चपला काढल्या. उंबऱ्यातून बायकोकडं वळून पाहिलं.

"जावा," ती हळूच म्हणाली.

दार मिटलं. आतलं बाहेर येणार नव्हतं. पण मी दाराला कान लावला. "दादा..." एवढंच ऐकू आलं. मग हुंदका. साडेचार वाजले. आणि मग भयानक घरघर!

"घात!" मी ओरडलो. "विषप्रयोग! दार फोडा!"

आवडाबाईंनी कॉलर धरून मला बाकड्यावर बसवलं आणि पदरानं डोळे टिपले.

"गप बसा, साहेब. अकरा महिन्यांनी घोरायलेत."