गफूरभाईंचे शॉकअप

गफूरभाईंच्या घरात पाळण्याच्या कडीला मोटारसायकल टांगलेली असते.

थापा मारत नाही हो. शिरड शहापुरात त्यांची न् आमची भिंत एकच. माजघरातल्या त्या कडीला पाळणा बांधून त्यांची पोरगी मोठी झाली, सासरी गेली. परवा मी विरजण मागायला गेले, तर कडीला गाडीचं तोंड दोरानं लटकलेलं! पुढचं चाक भिंतीला टेकवलेलं. दोन्ही शॉकअप, म्हणजे चाक धरणारे ते दोन स्प्रिंगवाले पाय, उपसून चटईवर निजवलेले. आणि त्यांतलं काळंकुट्ट तेल ठिबकत होतं कशात? माझ्या दुधाच्या पातेल्यात!

सकाळीच "वैनी, जरा मोठं पातेलं द्या" म्हणून नेलं होतं. आमच्या गल्लीत दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी आपली शीरखुर्म्याची वाट पाहत बसलेली.

"गफूरभाई! काय करून राहिले हे?"

"तेल बदलून राहिलो, वैनी."

"अहो, मागच्याच महिन्यात बदललं होतं की!"

"व्हय. पण बराबर उठंना गेलं."

धंदा त्यांचा गाद्या भरायचा. त्यामुळे दिसेल ती वस्तू ते तळव्यानं दाबून पाहतात. पपई, भाकरी, दुकानातली उशी. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याचाही खांदा दाबून पाहिला. निकाल ठरलेला: "दबलं पायजे, पण उठलं बी पायजे." मी नवी नवरी होऊन आले तेव्हा माझी गादी त्यांनीच भरली. कापूस पिंजायच्या त्यांच्या पिंजणीच्या तारेचा टणत्कार ऐकून मला वाटलं, गावात सतारवाला राहतो! दोन दिवस मी खिडकीत बसून मान डोलवत होते. असलं ध्यान होते मी.

मोटारसायकलवरची माझी अक्कल त्याहून थोर. आमच्या ह्यांनी एकदा कुणाची तरी गाडी मागून मला औंढ्याला नेलं. पदर दातात, डोळे गच्च मिटलेले, सगळ्या देवांना नारळ कबूल. परत आल्यावर मैत्रिणींना सांगितलं, "अगं, काय वारा लागतो!" रस्ता कुठून गेला तेसुद्धा पाहिलं नव्हतं.

गफूरभाईंच्या बायकोला, रजियाबीला मात्र त्या गाडीवर बसायचा भारी शौक. गावाबाहेरच्या पुलावर एक खड्डा आहे. पावसाळ्यात त्यात गाडी अशी आदळली की मागे बसलेल्या रजियाबीची कंबर धरली. पुढे कंबर सुटली, राग सुटला नाही. "आता त्या गाडीवर बसून मी कबरस्तानात बी न्हाई जायची!" बरं, एसटीनं जा म्हणावं, तर, "नवऱ्याची गाडी दारात असताना मी काहून एसटीत धक्के खाऊ?" मधल्या काळात हिंगोलीला लेक बाळंत झाली. नातवाचं तोंड रजियाबीनं फोनवर पाहिलं.

आणि हा माणूस शॉकअप खोलत बसलेला! म्हातारा चळला, असंच आम्ही सगळे म्हणत होतो.

तर त्यांनी तेल अडवणारे नवे रबरी सील कापसाची घडी ठेवून हलक्या हातानं ठोकले. तेल दोन्हीकडे सारखं पडावं म्हणून रजियाबीच्या औषधाच्या झाकणानं मोजून ओतलं. गाडी जोडून गल्लीत आणली, हँडल दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, मागं बसा."

मी उडालेच. "मी? या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकायचं जाऊ द्या. तुमची कंबर बी तिच्यावानीच कच्ची हाय. तुमाला न्हाई लागलं, तर तिला न्हाई लागायचं."

म्हणजे मोडायचीच झाली तर आधी माझी मोडावी! इतक्या सरळ तोंडानं बोलले की मला रागावताच येईना. बसले. पदर दातात, डोळे मिटलेले. इतक्या वर्षांत काडीची सुधारणा नाही.

आणि त्या बाबानं गाडी थेट पुलावरच्या त्याच खड्ड्यात घातली. मी आतल्या आत किंचाळले. गाडीचं तोंड खाली गेलं, आणि गादीवरून उठावं तसं सावकाश वर आलं.

गाडी थांबली. मागे न वळता त्यांनी विचारलं, "लागलं?"

"न्हाई."

"खरं सांगा, वैनी. माझ्यासाठी बोलू नका."

"न्हाई लागलं हो, गफूरभाई."

 त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

परत आलो तर दारात रजियाबी. नवी साडी, पायात चप्पल, काखेत तान्ह्या लेकराएवढी गादी. ती त्यांनी नातवासाठी कधीची भरून ठेवली होती.

"उतरा वैनी," ती माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली. "ती जागा माझी हाय."

मी मुकाट उतरले. माझ्या पातेल्याचं काय, हेही विचारायचं राहिलं. गल्लीच्या तोंडाशी गटारीवरची फरशी उचकटलेली आहे. तिथं गाडी दबली, उठली. रजियाबीनं मागून त्यांच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि खांदा हलकेच दाबून पाहिला.