लोमारूचा राष्ट्रीय सन्मान

निवृत्त उपअभियंता मनोहरराव यांना लोमारू नावाच्या चिमुकल्या द्वीपराष्ट्राच्या राष्ट्रीय सन्मान सोहळ्याचं निमंत्रण आलं, तेव्हा नागपुरात कोणीही ‘कशाबद्दल?’ असं विचारलं नाही. आपल्याकडे तशी पद्धत नाही. चौकात लगेच अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर मनोहररावांपेक्षा शुभेच्छुकांचे चेहरे मोठे होते.

“अहो, पण त्या देशासाठी तुम्ही केलं काय?” पुष्पलताबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“सेवा,” मनोहरराव गंभीरपणे म्हणाले. “कोणती, ते तिथले लोक सांगतीनच.”

लोमारूत मंच माणसांनी गच्च भरला होता. समोर एकच खुर्ची. मनोहररावांना तिच्यावर बसवण्यात आलं.

“मले काहून खाली बसवून राहिले?” त्यांनी भाच्याला विचारलं. सुशील तिथेच सरकारी नोकरीत होता.

“मामा, देश लहान. यंदाच्या सन्मानाच्या यादीत सगळेच बसले. टाळ्या वाजवाले कोणी उरलंच नाही. मग शासनानं निकष लावले: निवृत्त, रिकामा आणि आजवर एकही सन्मान न मिळालेला. मी तुमचं नाव सुचवलं.”

मनोहररावांनी खिशातलं आभाराचं भाषण आणखी आत ढकललं. तेवढ्यात पहिलं नाव पुकारलं गेलं. भर वादळात होडीतून अडलेल्या बायकांना दवाखान्यात पोचवणारी एक म्हातारी पुढे आली. पदक घेतलं आणि तिने सभागृहातल्या त्या एकमेव माणसाकडे पाहिलं. मनोहररावांचे हात आपोआप उठले. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवून इतकं बरं वाटतं, हे त्यांना नोकरीभर कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांचे तळहात सुजले. शासनाने याची तातडीने दखल घेतली, ‘अखंड टाळीसेवे’बद्दल त्यांना पदक दिलं आणि राजशिष्टाचारानुसार मंचावर नेऊन बसवलं.

आता अर्ध्या देशाचा सन्मान बाकी आणि सभागृह रिकामं. सोहळा स्थगित झाला.

“मामा, बदली माणूस द्या,” सुशील काकुळतीला आला.

मनोहररावांनी मंचावरूनच कॉलनीचे अध्यक्ष मधुकरराव यांना फोन लावला.

“येतो ना गा! स्टेजवर बसाले भेटन ना?”

“नाही. खाली बसून दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवाच्या.”

“हॅलो? आवाज कटून राहिला गा...”

मग घरी फोन केला.

“मी नाही येत,” पुष्पलताबाई म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून तेच तर करून राहिली.”

जागा अद्याप रिक्त आहे. जाण्यायेण्याचा खर्च लोमारू शासनाचा. वाचक म्हणून तुमचं नाव कळवायला आमची हरकत नाही. फक्त, ‘सत्कार जाण्याआधी की आल्यावर?’ एवढं तेवढं विचारू नका.