मॅक्रो नावाचा संशयित

“माझी नजर भिंतीच्या आरपार जाते, माझ्या कानांना मुंगीची पावलं ऐकू येतात, आणि बुद्धीबद्दल मी स्वतः काय बोलणार?” असं म्हणून मामा बुद्धीबद्दल बराच वेळ बोलले. पडद्यांच्या दुकानाचे मालक ऐकत होते. भाचा मागे बॅग धरून उभा होता. बॅगेत भिंग होतं, टॉर्च होता, चष्मा मात्र घरी राहिला होता. ही बातमी मामांना द्यायची भाच्याची छाती होत नव्हती.

मामांच्या कार्डावर ‘गुप्तहेर-शिरोमणी’ इतक्या मोठ्या अक्षरांत छापलं होतं की पत्त्याला जागाच उरली नव्हती. कागद कुठलाही असो, त्यावर पहिलं नाव आपलं, असा त्यांचा बाणा होता. भाच्याच्या शाळेच्या दाखल्यावरही ते भाच्याच्या वर जाऊन बसले होते.

प्रकरण असं होतं. एका वसतिगृहाच्या खिडक्या उंच आणि अरुंद, आणि त्यांच्यासाठी कापलेले पडदे निघाले बुटके आणि ऐसपैस. जिन्यातल्या चौरस खिडक्यांचे तेवढे बरोबर.

“सदरा सांगितला आणि बंडी आली,” मालक म्हणाले. मग कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं. “प्रोग्राम हिचा. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर हिने उद्यापासून येऊ नये.”

मुलीचा चेहरा उतरला. भाच्याला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आल्यापासून तो पुराव्यांपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होता.

“माझा प्रोग्राम गिऱ्हाइकाची मापं घेतो,” ती म्हणाली, “आणि कापणी करणाऱ्या मास्तरांच्या जुन्या स्प्रेडशीटमधला मॅक्रो, म्हणजे तिथे साठवलेल्या हिशेबाच्या सूचना, बाहेरून चालवतो. त्याला दोन आकडे देतो. कापणीचा तक्ता मॅक्रो करतो.”

“हा मॅक्रो राहतो कुठे?”

“फाइलमध्ये.”

“म्हणजे लपलाय,” मामा भाच्याला म्हणाले. “लिहून घे. आणि त्याला चालवणारा बाहेरचा आहे, हे बाईंनी स्वतः कबूल केलंय.”

“मामा, बाहेरचा म्हणजे दुसरा प्रोग्राम.”

“टोळी आहे तर.”

त्यानंतर मामांच्या तर्कांना नुसता ऊत आला. आधी कापड आटलं. आटताना ते रुंद कसं झालं, असं मालकांनी विचारल्यावर ते ताणलं गेलं. मग गुन्हेगाराला उंचीची भीती असल्याचं निष्पन्न झालं. चौरस खिडक्यांना त्याने हात लावला नाही, म्हणून तो जिन्याखाली राहणारा असावा, असंही ठरलं. शेवटी मामा मुलीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “किंवा हे सगळं तूच केलंस.” तिने मान खाली घातली. भाच्याने बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

तेवढ्यात मामी चष्मा घेऊन आल्या.

“जगाचे डोळे उघडायला निघालात आणि हा टेबलावर विसरलात,” असं म्हणत त्यांनी जमिनीवर पडलेला पडदा घडी घालायला उचलला. पसारा त्यांना बघवत नसे. घडीसाठी तो फिरवला, तर तो वसतिगृहाहून नमुन्याला आणलेल्या समोरच्या खिडकीच्या चौकटीवर बरोब्बर बसला. “अगंबाई, हा आडवा धरला की बसतोय की.”

मुलगी ताडकन उठली. “मास्तर,” तिने आतल्या खोलीत हाक मारली, “माप सांगताना तुम्ही आधी काय सांगता?”

“उंची,” आतून आवाज आला. “मग रुंदी. दुसरं काय सांगणार?”

“आणि मी आधी रुंदी पाठवते,” ती हळूच म्हणाली. “मॅक्रो बिचारा नावं बघत नाही. पहिला आकडा त्याच्या लेखी उंची.”

तिने प्रोग्राममध्ये ‘रुंदी’ आणि ‘उंची’ या दोन शब्दांची अदलाबदल केली आणि तक्ता सुधारला. कापड एकरंगी होतं, शिलाई व्हायची होती, त्यामुळे पडदे नुसते फिरवून भागलं. मालकांनी घसा खाकरला. “उद्या वेळेवर ये,” ते तिला म्हणाले. भाच्याला इतका आनंद झाला की त्याच्या हातून बॅग पडली.

“माझा अंदाज हाच होता,” मामा म्हणाले. “आता मला भिंतीवर लावायला निकालपत्र हवं.”

मुलीने लगेच त्याचाही मॅक्रो लिहून दिला. “इथे दोन नावं टाका, काका. आधी गुन्हेगाराचं, मग तपास करणाऱ्याचं.”

“माझं नाव दुसरं?” मामा ताठ झाले. “ते या जन्मी व्हायचं नाही.” त्यांनी आधी स्वतःचं नाव म्हणून ‘गुप्तहेर-शिरोमणी’ टाकलं, मग ‘मॅक्रो’.

मुलीने भाच्याकडे पाहिलं. भाच्याला सगळं कळलं होतं. दुपारभर खाली झुकलेली तिची मान त्याला आठवली आणि त्याने गुपचूप छपाईचं बटण दाबलं.

“मोठ्याने वाच,” मामांनी छापलेला कागद मामींच्या हातात दिला.

“गुन्हेगार, गुप्तहेर-शिरोमणी. गुन्हा सिद्ध,” मामींनी वाचलं. “तपास करणारा, मॅक्रो.” मग त्यांनी कागदाची नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. “लावू या भिंतीवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर माणूस सापडलाय.”