पुल ओव्हर: अर्थ व उदाहरणे

कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी तिचं नाव नीट शिकून घ्यावं, हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण आहे. नाव एकदा पक्कं झालं की ती गोष्ट करण्याची गरज बहुतेक वेळा उरत नाही, हा त्यातला फायदा.

याच तत्त्वावर कोथरूडात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोटार-इंग्रजीचा वर्ग चालतो. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. मुलं अमेरिकेत, आईवडील वर्षातले सहा महिने त्यांच्याकडे; तिथे मुलगा गाडी चालवताना जे बोलतो ते मागच्या सीटवर बसून कळलं पाहिजे, ही मूळ गरज. (कळलं की त्याला सूचना देता येतात, ही त्याहून मूळ गरज.)

शिक्षक शुभंकर सर. त्यांना गाडी चालवता येत नाही, ते बसने येतात. त्यामुळे त्यांच्या शिकवण्यात अनुभवाची भेसळ अजिबात नाही. फळ्यावर ते एकेक क्रियापद लिहितात. स्लो डाऊन, म्हणजे वेग कमी करणं. बॅक अप, म्हणजे गाडी मागे घेणं. गिव्ह वे, म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ देणं (यावर पहिल्या दिवशी बराच वेळ हशा चालला होता). पुल ओव्हर, म्हणजे गाडी कडेला घेऊन थांबणं.

"याचा पुण्यात उपयोग काय?" असं बँकेतून निवृत्त झालेले दत्तप्रसाद विचारते झाले.

"परीक्षेत," सर म्हणाले. सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

विद्यार्थी बावीस. सगळ्यात लांबचा विद्यार्थी मागच्या गल्लीत राहतो. तरी सगळे गाडीनेच येतात. विषय मोटारीचा असताना पायी येणं बरं दिसत नाही. विश्वजीत आणि शेफाली हे दांपत्य दोन गाड्यांतून येतं, कारण वर्ग सुटल्यावर दोघांनाही जायचं असतं. (दोघंही घरीच जातात.) परिणामी वर्गाच्या दिवशी गल्लीत आणि आमच्या गेटसमोर गाड्यांची दुहेरी रांग लागते. गेटवर पाटी आहे: 'येथे गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल व ती परत भरून मिळणार नाही.' वर्गाने तिचं इंग्रजी भाषांतर करून ते शेजारी टांगलं आहे. गाडी लावून उतरताना प्रत्येक जण ते वाचतो आणि भाषांतर चांगलं उतरल्याचं समाधान घेऊन आत जातो.

गेल्या शुक्रवारी वर्गाची वार्षिक परीक्षा होती. त्याच वेळी तळमजल्यावरच्या मुक्ताई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. वय ब्याऐंशी. हॉस्पिटलमधून निरोप आला की सर्जन साडेसहापर्यंत आहेत, त्याआधी आणा. अँब्युलन्स आली आणि गल्लीच्या कोपऱ्यावर अडकली. मुक्ताईंना स्ट्रेचरवर घालून दारापर्यंत आणलं होतं. त्यांच्या सूनबाई मंदाकिनी हॉलमध्ये धावल्या.

"अहो, गाड्या काढा पटकन. सासूबाईंचं हाड मोडलंय, अँब्युलन्स बाहेर खोळंबलीये."

"पेपर चालू आहे, वहिनी," शुभंकर सर म्हणाले. पण हाडाचे शिक्षक असल्यामुळे प्रसंगाचं मोल त्यांच्या लगेच ध्यानात आलं. ते वर्गाकडे वळले. "अशा परिस्थितीत काय करावं? कोण सांगेल?"

बावीस हात वर झाले.

"पुल ओव्हर," शेफाली म्हणाल्या.

"बॅक अप," दत्तप्रसाद म्हणाले.

विश्वजीत यांनी गिव्ह वे सांगून वर वाक्यात उपयोगही करून दाखवला. सगळी उत्तरं बरोबर होती.

"मग उठा ना," मंदाकिनी म्हणाल्या.

"उठलो असतो हो," दत्तप्रसाद म्हणाले, "पण माझ्या मागे विश्वजीतरावांची आहे. त्यांनी काढली की माझी निघालीच समजा."

"माझ्या मागे हिची," विश्वजीत म्हणाले.

"मी अगदी कडेला लावलीये," शेफाली म्हणाल्या. "खरं म्हणजे आडवी आहे ती दत्तप्रसादांची."

असा तर्क पूर्ण झाला आणि सगळे पुन्हा पेपरकडे वळले. मंदाकिनी परत आल्या.

"काय म्हणतायत?" मुक्ताईंनी पडल्या पडल्या विचारलं.

"सगळ्यांना उत्तर येतंय, आई."

"मग पास कर त्यांना आणि मला उचला."

अँब्युलन्सचा ड्रायव्हर, त्याचा मदतनीस, मंदाकिनी आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अशा चौघांनी स्ट्रेचर उचललं. दोन रांगांच्या मधून, गाड्यांचे आरसे एकेक करून मिटत, कधी खांद्याच्या वर धरून ते चालले. प्रत्येक हिसक्याला मुक्ताई डोळे घट्ट मिटत होत्या. एका ठिकाणी स्ट्रेचरची दांडी गाडीला लागली आणि गाडी केकाटू लागली. तेव्हा मात्र हॉलमधून एक विद्यार्थी पेपर अर्धा टाकून धावत आला. दत्तप्रसाद. दारावरून हात फिरवत ते म्हणाले, "ओरखडा तर नाही ना गेला?"

"नाही हो," मुक्ताई म्हणाल्या. "मोडलंय ते माझंच."

हॉस्पिटलला पोचेपर्यंत सर्जन निघून गेले होते. ती रात्र मुक्ताईंनी पायाला वजन बांधून काढली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. पुन्हा आधाराशिवाय चालतील का, असं विचारल्यावर डॉक्टर 'बघू' म्हणतात.

वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला. शुभंकर सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. भाषणात त्यांनी मुक्ताईंचा उल्लेख 'प्रत्यक्ष उदाहरण' असा आदराने केला आणि टाळ्या पडल्या.

वाचकहो, चारही क्रियापदं एव्हाना तुम्हालाही आली असतील. आणि हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक गाडी सारखी येत असेल, नको तिथे, वाकडी लावलेली. शेजाऱ्यांची ना? त्या हॉलमधल्या बावीसही जणांच्या डोळ्यांसमोर शेजाऱ्यांचीच होती. तेव्हा तुमचा प्रवेश नक्की समजा. येताना गाडी घेऊन या.