माइलांवर अडलेला पाळणा

कामरगावच्या पंचफुला कृषी सेवा केंद्राचे मालक इंद्रभानभाऊ यांना दिवाळीत पुण्याला नात झाली. ही बाब नैसर्गिक स्वरूपाची असल्यामुळे तिच्याबद्दल गावात दुमत नव्हतं. दुमत झालं ते बारशाला जायचं कसं, यावर. आणि ते इतकं चिघळलं की उष्टावण तोंडावर आलं तरी पोरगी बिननावाचीच होती.

मी निवृत्त ग्रामसेवक आहे. गाव मला भाऊसाहेब म्हणतं. माझं घर त्या दुकानाच्या अगदी समोर, त्यामुळे खालील मजकूर प्रत्यक्ष पाहणीवर आधारित आहे असं समजावं. जन्माच्या नोंदी लिहिण्यात माझी हयात गेली. नावाचा रकाना कोरा दिसला की माझं डोकं आजही सणकतं.

आता कामरगावहून पुण्याला जाणं हा मुळात प्रश्नच नाही. संध्याकाळी जीपनं कारंज्याला जायचं, तिथून ट्रॅव्हल्समध्ये आडवं व्हायचं आणि सकाळी पुण्यात तोंड धुवायचं. सगळा तालुका असाच जातो. इंद्रभानभाऊचा एकुलता एक मुलगा वीरेंद्र असाच गेला, नोकरीला लागला, रुचिकाशी लग्न करून तिथलाच झाला. वीरेंद्रला बहीण नाही. म्हणून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा आत्याचा मान सगळ्यांनी मिळून आजीला दिला होता, म्हणजे पंचफुलाबाईंना. दुकानाला नाव त्यांचंच आहे. दुकानात त्यांचं तेवढंच आहे.

पंचफुलाबाईंनी नाव ठरवलेलं होतं. ते आधी कुणालाच सांगायचं नाही, पहिल्यांदा पोरीच्याच कानात पडलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. दुपटी, चांदीचे वाळे आणि डिंकाचे लाडू भरून पिशवी दाराशी तयार होती.

"अवो, कारंज्याले फोन करून दोन शिटा सांगून द्या," त्या म्हणाल्या.

"ट्रॅव्हल्सनं?" इंद्रभानभाऊंचा चेहरा पडला. "मंग आपले माइल कायले हायेत? तुले इमानानं नेतो. अन् फुकट नेतो!"

हे माइल काय, ते सांगितलं पाहिजे. खत-बियाण्याच्या कंपन्या भरपूर माल खपवणाऱ्या दुकानदारांना बँकॉक-गोव्याला फिरवून आणतात. अशा सहलींत कुणीतरी इंद्रभानभाऊंचं नाव दोन विमान कंपन्यांच्या 'नियमित प्रवासी योजने'त घातलं होतं. जितकं उडावं तितके माइल खात्यात पडतात, आणि पुरेसे साठले की तिकीट फुकट. इंद्रभानभाऊंचे माइल पवनवेग एअरकडे होते आणि सोनपंख एअरकडेही होते. नेमके तेव्हाच दोन्ही कंपन्यांनी फुकट तिकिटावर सूट जाहीर केली.

फुकटावर सूट! इतक्या वर्षांच्या शासकीय सेवेत असं परिपत्रक माझ्या पाहण्यात आलं नव्हतं.

"फुकटच्या तिकिटाले जेवढे माइल लागतात, त्याच्यात कमी," इंद्रभानभाऊंनी खुलासा केला. "पवनवेग पंचवीस टक्के देऊन राह्यली, सोनपंख तीस."

"मंग तीसवालं घ्या, अन् चाला," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"असं नसते ते. सोनपंखले मुळातच माइल जास्त लागतात. अन् तीस टक्के एकाच शिटले. पवनवेग दोन शिटांले देते, पण जातानीच. येतानी नाई."

"मी येतच नाई मंग. तिथीच राह्यतो नातीजवळ."

या प्रस्तावाची दखल घेण्यात आली नाही.

दुकानात खताचा साठा आणि दर लिहायचा काळा फळा असतो. दुसऱ्या दिवशी त्यावरचा युरिया पुसला गेला आणि तिथे दोन्ही कंपन्यांचा तुलनात्मक तक्ता अवतरला. धनजहून खताला आलेला फुलसिंग त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि युरिया न विचारताच म्हणाला, "मले तं सोनपंख बरी वाटते." झालं! आठ दिवसांत गावात पवनवेगवाले आणि सोनपंखवाले असे दोन तट पडले. दोन्ही तटांत विमानात बसलेला एकही इसम नव्हता, म्हणून चर्चा मोकळ्या मनानं होई. ग्रामसभेला कोरम नसतो, पण फळ्यापुढे दाटीवाटी असायची.

तेवढ्यात असं निष्पन्न झालं की बारशाची जी तारीख वीरेंद्रनं धरली होती, ती दोन्ही कंपन्यांच्या बंदीच्या दिवसांत मोडते. लग्नसराईत फुकट तिकीट मिळत नाही. इंद्रभानभाऊंनी वीरेंद्रला फोन लावून तारीख पुढे ढकलायला लावली. पुढची तारीख नाताळात अडकली, त्यापुढची संक्रांतीत. मुहूर्त पंचांगातून काढायचा असतो अशी माझी आजवर समजूत होती. लाडू खवट झाले, ते वाटून पंचफुलाबाईंनी पुन्हा केले.

"बाबा, दवाखान्याच्या कार्डावर अजून 'बेबी ऑफ रुचिका' असंच आहे," सून फोनवर म्हणाली. "डॉक्टर दर वेळी नाव विचारतात."

"सांग त्याहिले, प्रक्रिया चालू हाय," इंद्रभानभाऊ म्हणाले. हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा वापरलं आहे. समोरच्या घरातून ऐकलं तेव्हा पहिल्यांदाच त्याचा राग आला.

मग सोनपंखनं कळवलं की 'रौप्य सदस्यां'ना चाळीस टक्के सूट, तीही दोन्ही शिटांना. रौप्य होण्यासाठी आणखी थोडं उडावं लागत होतं. तेव्हा पंचफुलाबाईंना फुकट नेता यावं म्हणून इंद्रभानभाऊ पैसे मोजून एकटेच उडू लागले. कामरगावहून एसटीनं नागपूर, म्हणजे पुण्याच्या बरोब्बर उलट दिशेला, तिथून विमानानं हैदराबाद, आणि त्याच विमानानं परत.

"कसं काय हैदराबाद?" मी विचारलं.

"फरशी साफ हाय," ते म्हणाले.

रौप्यसाठी कंपनीचं कार्ड घ्यावं लागत होतं आणि कार्डासोबत विमा. फळ्यासमोर फुलसिंगनं हे ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "अबे बापा! इंद्रभानभौ, हे तं लिंकिंग झालं!" युरियाची थैली हवी असेल तर सोबत टॉनिकची बाटलीही न्या, या दुकानदारी आग्रहाला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. त्याला सक्त बंदी असल्यामुळे ते सगळ्यांना नीट ठाऊक आहे.

"लिंकिंग नोय ते. बेनिफिट हाय," इंद्रभानभाऊ रागावून म्हणाले, आणि फुलसिंगच्या थैलीसोबत एक बाटली ठेवून दिली.

होळीच्या आसपास सोनपंखनं नागपूर-पुणे मार्गावर दुप्पट माइल दिले. इंद्रभानभाऊ पुण्याला उडाले. त्यांना पुण्यात उतरायचं होतं, पण पुण्यात जायचं नव्हतं. लगेचच्या विमानानं माघारी यायचं होतं. वीरेंद्र बिचारा बायको-लेकीला घेऊन विमानतळावर आला आणि काचेच्या अलीकडे उभा राहिला. पलीकडे इंद्रभानभाऊ. वीरेंद्रनं आईला व्हिडिओ कॉल लावला. पंचफुलाबाईंनी मलाही हाक मारली, म्हणून हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला.

"बाबा, पाच मिनटं बाहेर या ना. घ्या तिले हातात," वीरेंद्र दुसऱ्या फोनवरून बापाला विनवत होता.

फोनमधून आवाज आला, "बाहेर पडलो तं पुन्हा तपासणीची लाईन लागते, लेका. इमान चुकलं तं डबल माइल गेले. तुह्या मायले आणतो ना आता फुकट, तवा पोटभर घेतो." आणि त्यांनी काचेवर तळहात ठेवला. पोरीनं पुढे झुकून अलीकडून तिथेच जीभ लावली.

पंचफुलाबाईंनी फोन बंद केला.

"भाऊसाहेब, पोट्टीनं काच चाटली," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. आत जाऊन पिशवी उचलली, लाडू हुंगून पाहिले, दुकानाची चाबी माझ्या हातात दिली. "ते आले तं सांगजा, मी गेलो म्हणून." समोरून कारंज्याची जीप चाललीच होती.

इंद्रभानभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी परतले ते फोन उंच धरून. "भाऊसाहेब! झालो रौप्य! आता चाळीस टक्के, दोन्ही शिटांले!" मी चाबी पुढे केली आणि निरोप दिला. तोवर पंचफुलाबाई पुण्याला पोचल्या होत्या आणि वीरेंद्रनं मुहूर्त-बिहूर्त न पाहता शेजारणी बोलावून पाळणा बांधला होता. इंद्रभानभाऊ मटकन सोयाबीनच्या पोत्यावर बसले.

"मले न सांगता गेली? भाऊसाहेब, खिडकीची शीट घेणार होतो मी तिले. जलमात इमानात नाई बसली ते." मनुष्य वाईट नाही, हे मी इथे नमूद करतो. बायकोला ढगातून न्यायचं त्यांच्या खरोखरच मनात होतं. फक्त सूट पुरेशी होत नव्हती.

पाडव्यानंतर पंचफुलाबाई परतल्या. जीपमधून उतरल्या तेव्हा फळ्यापुढे नेहमीची मंडळी होती. सगळ्यांनी त्यांना घेरलं.

"वैनी, ट्रॅव्हल्स कितीले पडली?" फुलसिंगनं विचारलं.

"रिटर्नवर काही कमी केले काय?" दुसऱ्यानं विचारलं.

"अवं, त्यानं पॉइंट-बिइंट देल्ले काय तुले?" इंद्रभानभाऊंनी विचारलं.

मीही विचारलं. म्हटलं, "वहिनी, गाडी पुण्यात कुठे सोडते?"

पंचफुलाबाई ओट्यावर टेकल्या आणि पाठ चोळत म्हणाल्या, "पाठ दुखून राह्यली बावा. बायांनी लय धपाटे मारले." कानात नाव सांगणारीच्या पाठीत बाकीच्या बाया धपाटे घालतात, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. आम्ही एकमुखानं त्यांना बाम लावायला सांगितलं.

त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "कोणीच नाई इचारलं," त्या म्हणाल्या.

"काय नाई इचारलं?" इंद्रभानभाऊ म्हणाले.

"जाऊ द्या." त्या उठून आत गेल्या.

घरी चहाचा पहिला घोट घेताना माझ्या डोक्यात उजेड पडला. हयातभर ज्यानं लोकांच्या पोरांची नावं लिहिली, त्या मी गाडीचा थांबा विचारला होता! कप तसाच ठेवून रस्ता ओलांडला आणि विचारलं. पंचफुलाबाईंनी सांगितलं, आणि सांगताना इतक्या गोड हसल्या की काय सांगू!

नाव फार छान आहे. ते मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हीही इथवर आलात ते पंचवीस बरे की तीस, याचं गणित मनाशी लावतच आलात. मला माहीत आहे, मी फळ्यापुढची गर्दी पाहिली आहे. तरीही नाव हवंच असेल तर पंचफुलाबाईंना येऊन विचारा. कारंज्याहून कामरगावला जीप मिळते. तिच्यावर सूट मात्र काहीच नाही.